गॅरेजमधला याराझामोरी

आम्हाला अमेरिकेत हर्नडनमधलं घर ज्या बाईंनी विकलं, त्या शेजारच्याच घरात राहतात, हे आम्हाला सगळ्या सह्या झाल्यावर कळलं. घर बघताना माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं होतं, "शेजार कसा आहे?" "उत्तम," त्या म्हणाल्या होत्या. स्वतःबद्दल त्यांचं मत आजही तेच आहे.

बाई मूळच्या ओकिनावाच्या. तरुणपणी तिथे आलेल्या एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून इकडे आल्या, घरं विकण्याच्या धंद्यात पडल्या आणि आता सत्तरी ओलांडली तरी निम्म्या मराठी मंडळाला त्यांनीच घरं दाखवलेली आहेत. मी त्यांना काकू म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. माझा नवरा म्हणाला, "जिला आपल्याशी भांडायचा हक्क असतो ती." त्यांना ते फारच आवडलं. त्यांच्या नवऱ्याला आपोआप काका व्हावं लागलं. काका सहा फुटांच्या वर, एका कानाने कमी ऐकणारे आणि समोशापुढे हतबल.

आमच्या लोकांना काकू कुठल्या, हा प्रश्न कधी सुटला नाही. काही जण त्यांना चायनीज म्हणत, जरा शिकलेले जपानी म्हणत. काकू दोघांनाही सारख्याच थंडपणे सांगत, "आमचं वेगळं राज्य होतं. रिउक्यू. आमचा राजा होता." समोरचा माणूस मान डोलवायचा आणि विचारायचा, "पण म्हणजे जपानच ना?"

गोष्ट सुरू झाली ती आमच्या गॅरेजमध्ये, दिवाळीच्या आधी.

मी नागपूरची. आमच्याकडे दिवाळीत किल्ला करायची पद्धत नाही. शहरात एक खराखुरा किल्ला आहे, तोही लष्कराच्या ताब्यात. वर्षातून एखाद-दोन दिवस लोकांना आत सोडतात, तेव्हा जाऊन यायचं. माझा नवरा पुण्याचा. त्यामुळे ऑक्टोबर आला की आमच्या गाड्या गॅरेजबाहेर आणि आत दुकानातून आणलेली विकतची माती. बाहेर सगळ्या गल्लीत हॅलोविनचे प्लास्टिकचे सांगाडे लटकत असतात, आणि त्यांच्यामध्ये एक मध्यमवयीन सॉफ्टवेअर इंजिनियर गुडघ्यांवर बसून बुरूज थापत असतो. किल्ला मुलांसाठी असतो, असं म्हणायची रीत आहे. आमची मुलगी त्या काळात गॅरेजमध्ये एकदाच येते आणि विचारते, "डॅड, आर यू ओके?"

मंडळाची किल्ले स्पर्धाही असते. शाळेची जिम भाड्याने घेतात, लाकडी फळ्यांवर बांधलेले किल्ले व्हॅनमधून आणतात, आणि प्रत्येक किल्ल्यापुढे माहितीचा फलक लावतात. फलक फक्त मराठीत, हा मंडळाचा बाणा. ज्या मुलांसाठी हे सगळं चालतं त्यांतलं एखादं तो फलक वाचू शकेल का, हे तपासायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी काकू गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घरमालकांच्या सोसायटीने मातीच्या ढिगाबद्दल तक्रार केली, तर या बाई आपल्या बाजूने बोलतील म्हणून नवऱ्याने लगेच त्यांना खुर्ची दिली आणि सिंधुदुर्ग समजावून सांगायला घेतला. समुद्रातला किल्ला, लाटा, चिलखती तट, शत्रूची हबेलंडी. तो इंग्रजीत बोलत होता, पण आवेश मराठीतला होता.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचाही होता असा. बंदराच्या तोंडावर."

"अच्छा? मोठा होता?"

"आई म्हणायची, मोठा होता. पण आई माझ्या वडिलांनाही उंच म्हणायची."

मग त्यांनी सांगितलं. नाहा बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या बाजूला, समुद्रात आत गेलेल्या जिभेसारख्या जागेवर तो किल्ला होता. नाव याराझामोरी. चाच्यांपासून बंदर राखायला त्यांच्या राजाने बांधलेला. समोरच्या काठावर त्याच्या जोडीचा दुसरा. चारशे वर्षांपूर्वी जपानच्या एका सरदाराचं सैन्य रिउक्यूवर चालून आलं. त्यातली काही जहाजं या बंदरात शिरायला आली, तेव्हा बंदराच्या तोंडावर साखळी होती आणि दोन्ही किल्ल्यांवरून तोफा सुटल्या. जहाजांना मागे फिरावं लागलं.

"वा!" माझा नवरा मातीचे हात झटकत उठला. "म्हणजे जिंकलात!"

"नाही. बाकीचं सैन्य उत्तरेला उतरलं होतं. ते जमिनीवरून चालत आलं आणि राजाला पकडून घेऊन गेलं."

"म्हणजे हरलात."

"राजा हरला," काकू म्हणाल्या. "किल्ल्याला कशाला नावं ठेवतोस? त्याने त्याचं काम केलं."

"मग आता कसा आहे? जायचं बघायला?"

"आता नाही. युद्धात बराच पडला. नंतर तुमच्या अमेरिकेच्या लष्कराने बंदर ताब्यात घेतलं आणि उरलेला काढून टाकला. वर सिमेंट घातलं. मी जन्मले तेव्हा तिथे कुंपण होतं." नवऱ्याकडे अजून अमेरिकेचा पासपोर्ट आलेला नव्हता, तरी 'तुमच्या' शब्दाने तो थोडा सुखावलाच.

काकूंची आई मुलगी असताना ओहोटीच्या वेळी त्या तटाच्या पायथ्याशी शिंपले गोळा करायला जायची. किल्ल्याबद्दल काकूंची सगळी माहिती ही त्या शिंपल्यांच्या टोपलीतून आलेली. तट किती जाड, दरवाजा कुठल्या बाजूला, हे त्या बेधडक सांगत आणि दुसऱ्या दिवशी बेधडक बदलत. पण त्या दिवशी खुर्चीतून उठताना त्यांनी ठरवून टाकलं, "यंदा मीही करणार. तुझी माती उरली असेल ना?"

माती घेऊन त्या गेल्या नाहीत, तिथेच बसल्या. आमच्या गॅरेजमध्ये दोन किल्ले शेजारी शेजारी उठू लागले. माझ्या नवऱ्याने आपला सिंधुदुर्ग सोडून त्यांच्या किल्ल्यात हात घातला की भांडण. त्याला त्यावर अळीव पेरून हिरवळ करायची होती. काकू म्हणाल्या, "समुद्रात गवत?" त्याला गोल बुरूज हवे होते. काकूंनी मत्स्यालयाच्या दुकानातून पांढरट प्रवाळाचे दगड आणले होते, ते गोल व्हायला तयार नव्हते.

एका संध्याकाळी काका आत आले. हातात समोसा. फळीवरच्या निळ्या रंगाच्या समुद्राकडे बघत म्हणाले, "हे नाहा पोर्ट आहे का?"

"ओळखलंस?" काकूंनी विचारलं.

"मी तिथेच होतो की. ट्रक भरायचो." त्यांनी समोशाच्या टोकाने दाखवलं. "इथे गेट. इथे गोदाम. इथे आम्ही बास्केटबॉल खेळायचो. हे काय बांधलंयस?"

"किल्ला."

"तिथे किल्ला नव्हता."

"तू ज्याच्यावर बास्केटबॉल खेळत होतास तो."

काकांनी चांगला कान पुढे केला. "मला कुणीच सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा. तू म्हणालास, 'वॉव', आणि मग आइस्क्रीम मागवलंस."

काका हसले, पण नंतर बराच वेळ ते तिथेच, त्या फळीपाशी रेंगाळत राहिले. शेवटी वाकून त्यांनी गोदामाची जागा बोटाने पुसून टाकली आणि म्हणाले, "पाणी इथपर्यंत होतं, बरोबर? आम्ही भराव घातला होता." काकूंनी निळा रंग पुढे सरकवला.

मंडळात मात्र याराझामोरीने खळबळ उडवली. ऑनलाइन मीटिंग भरली. मंडळाचे अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत. प्रत्येक मीटिंग 'क्विकली' म्हणून सुरू करतात आणि मग कुणालाही जेवू देत नाहीत.

"क्विकली एक पॉइंट," ते म्हणाले. "आपली थीम आहे 'आपले किल्ले'. हा, काय नाव त्याचं, यार झामोरी—"

"याराझामोरी," मी म्हटलं.

"तेच. हा आपला आहे का?"

"आपल्यापैकी निम्म्या लोकांना घरं काकूंनी मिळवून दिली," माझा नवरा म्हणाला. घर घेताना काकूंनी आपल्या कमिशनमधलं काय काय सोडलं होतं ते कॅमेरे बंद असलेल्या चौकोनांमागे सगळ्यांना आठवलं असावं. लगेच 'मैत्री गट' नावाचा नवा विभाग तयार झाला. त्यात एकच किल्ला होता, त्यामुळे पहिला नंबर काकूंचाच, असंही आडून सुचवण्यात आलं. माहिती मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. काकूंनी सांगितलं तसं मी लिहून पाठवलं. शेवटचं वाक्य साधं होतं: 'युद्धानंतर अमेरिकन लष्कराने बंदर बांधताना किल्ल्याचे उरलेले अवशेष पाडले.'

स्पर्धेच्या दिवशी जिममध्ये नेहमीची गर्दी होती. नेसलेल्या नऊवारींखाली स्नीकर्स होते. बाहेरच्या टेबलावर चकली संपली होती आणि त्याबद्दल चौकशी चालली होती. परीक्षक म्हणून पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते. ते दर वर्षी अमेरिकेतल्या मंडळांमध्ये गडकिल्ल्यांचे स्लाइड शो करत फिरतात. अंगात जाकीट, डोक्यावर फेटा, गळ्यात कॅमेरा. त्यांना प्रत्येक किल्ल्यात काहीतरी चुकलेलं दिसायचं आणि प्रत्येक आईबरोबर फोटो हवा असायचा.

मी काकूंच्या टेबलाशी गेले आणि दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे याराझामोरीच्या तटावर भगवा झेंडा लावलेला होता. कार्यकर्त्यांनी झेंड्यांची पिशवी घेऊन सरसकट सगळ्या किल्ल्यांवर झेंडे लावले होते. दुसरी म्हणजे फलक. सगळा मजकूर माझाच होता, फक्त शेवटचं वाक्य वेगळं होतं: 'काळाच्या ओघात हा किल्ला नामशेष झाला.'

मी अध्यक्षांना गाठलं. ते मला बास्केटबॉलच्या खांबाखाली घेऊन गेले.

"हे बघा, मी तुमच्या भावना समजू शकतो," ते म्हणाले. "पण सध्याचे दिवस बघताय ना? कोण कुठे फोटो काढेल, कुठे पोस्ट करेल. आपण या देशात पाहुणे आहोत."

"मराठी फलक आहे. कोण वाचणार?"

"ट्रान्सलेट करता येतं हो आता फोनवर. माझी मुलगी कॉलेजला गेली तरी माझी ग्रीनकार्डची रांग हललेली नाही. एका वाक्यासाठी कशाला उगाच? आणि काळाच्या ओघात म्हणजे तरी काय, खोटं आहे का? काळ गेलाच ना?"

समोरच्या भिंतीवर त्यांनीच लावलेला मोठा कापडी फलक होता: 'इतिहास विसरणाऱ्यांना भविष्य नसते.' ते त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

मी परत आले. काकू फलकाकडे बघत होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण मी लिहिलेला मजकूर त्यांनी आधी पाहिला होता, आणि कागद बघून माणसं ओळखायचा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. "शेवटची ओळ आखूड झालीय," त्या म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"काळाचा ओघ म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. म्हणजे दिवस जातात, वर्षं जातात, गोष्टी आपोआप नाहीशा होतात.

त्या वळल्या. काका मागे घडीच्या खुर्चीत, मांडीवर समोशांची प्लेट घेऊन बसले होते. "ऐकलंस? तू काळाचा ओघ होतास."

काकांनी हात वर केला, हजेरीला करतात तसा. "यस, मॅम."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तटावरचा भगवा झेंडा काढला, नीट गुंडाळला आणि शेजारच्या रायगडाच्या मालकाला देऊन टाकला. मग काकांच्या चांगल्या कानात काहीतरी म्हणाल्या. काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, निघाले. मी थांबवायला बोलू लागले तर त्या म्हणाल्या, "परीक्षक येऊ दे ना."

परीक्षक आले, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि फोनचे कॅमेरे. काकूंनी नमस्कार केला. परीक्षकांनी मान तिरकी करून याराझामोरी न्याहाळला.

"सुंदर. जलदुर्ग. आपल्या सिंधुदुर्गाचा प्रभाव स्पष्ट दिसतोय."

मी भाषांतर केलं. काकू म्हणाल्या, "आमचा शंभरेक वर्षं आधीचा आहे." मी तेही भाषांतर केलं. परीक्षकांनी जाकीट ओढून सरळ केलं आणि म्हणाले, "प्रभाव असा सरळ रेषेत बघायचा नसतो."

"अजून काही सांगायचंय का त्यांना?" अध्यक्षांनी घाईने विचारलं. पुढच्या टेबलावर प्रतापगड खोळंबला होता.

"किल्ला पूर्ण झालेला नाही," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात जिमच्या मागच्या दारातून काका आले. हातात बादली. काकांच्या ट्रकमध्ये कुंपणाचे खांब रोवायला लागणारं, झटपट घट्ट होणारं सिमेंट कायम असतं. त्या माणसाच्या ट्रकमध्ये काय नसतं हाच प्रश्न. त्यांनी ते बाहेर नळावर कालवून आणलं होतं.

"आता कसा दिसतो ते बघा," काकू म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग बादली कलती केली. करडं सिमेंट जाड धारेने तटावर पडलं, प्रवाळाच्या दगडांमध्ये शिरलं, दरवाजा भरला, निळ्या पाण्यावर पसरलं. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. अध्यक्षांच्या तोंडून "फ्लोअर, फ्लोअर!" एवढंच निघालं. काकांनी खिशातून करणी काढून सगळं सपाट केलं. हात सराईत होता. इतका वेळ ओरडणारी, प्लास्टिकच्या तलवारी घेऊन पळणारी पोरंही जमा होऊन बघत होती. त्या दिवशी जिममध्ये त्यांनी लक्ष देऊन बघितलेली ही एकच गोष्ट.

सपाट झाल्यावर काका मागे सरले. काकूंनी पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातावरचा सिमेंटचा शिंतोडा पुसला.

"याराझामोरी," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "आता पूर्ण झाला."

परीक्षकांनी फेटा सारखा केला. "संकल्पना... धाडसी आहे," ते म्हणाले आणि प्रतापगडाकडे वळले. तिथल्या आईबरोबर त्यांनी लगेच फोटो काढला.

मैत्री गटात एकच किल्ला असूनही पहिला नंबर कुणालाच दिला गेला नाही. 'उत्तेजनार्थ' देण्यात आला. संध्याकाळी हॉल रिकामा करताना ती फळी काही हलेना. समितीचे चौघं आडदांड सभासद तिला चारी कोपऱ्यांनी धरून, कण्हत, पायऱ्या उतरले. आता तो ठोकळा काकूंच्या मागच्या अंगणात कुंड्या ठेवायला आहे. मंडळाच्या नियमांत 'ओले साहित्य वापरू नये' असं एक कलम आलं. फलकांबद्दल काही आलं नाही.

माझा नवरा पुढचे काही दिवस माझ्याशी कमी आणि काकांशी जास्त बोलत होता. दोघं मागच्या अंगणात बिअर घेऊन बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक. एकदा तो आत येऊन म्हणाला, "त्यांना माहीत नव्हतं ग खरंच. एकोणीस वर्षांचं पोरगं, सांगितलं तिथे उभं राहायचं." मी म्हटलं, "तुला तरी कुठे काय माहीत असतं?" तो चिडला नाही, म्हणजे विचार करत होता.

मग एका रविवारी दुपारी अध्यक्षांचा मला फोन आला. काकूंना भेटायचं होतं, पण एकट्याने जायला धजत नव्हते. "तुम्ही जरा सोबत याल का? क्विकली."

आम्ही गेलो. हातात घरच्या चकल्यांचा डबा होता. काकूंनी डबा उघडून एक चकली मोडून खाल्ली आणि मगच त्यांना बसायला सांगितलं. अध्यक्ष सोफ्याच्या अगदी कडेला बसले. मीटिंगमध्ये न थांबणारा माणूस, पण शब्द जुळवताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

"ते वाक्य मी बदललं," ते शेवटी म्हणाले. "चुकीचं होतं. सॉरी."

"भीती वाटली?"

"हो."

काकूंनी चहा ओतला. "माझी आई अमेरिकन अधिकाऱ्यांचे कपडे धुवायची," त्या म्हणाल्या. "त्याच बंदराच्या आत. त्यांच्यातल्या एकाने तिला विचारलं, इथे आधी काय होतं? आई म्हणाली, काही नाही सर, खडक होता. घरी येऊन आम्हाला मात्र सगळं सांगायची. दार लावून." मग म्हणाल्या, "मी तिच्यावर फार रागवायचे. पण आम्ही चार भावंडं होतो आणि चारही जण जेवायचो."

अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते अपेक्षित नव्हतं आणि त्यांनाही नसावं, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसायला काढला. काकूंनी त्यांच्या बशीत त्यांचीच चकली ठेवली. आम्ही तिघंही चहा प्यायलो. खिडकीतून काका अंगणातली पानं गोळा करताना दिसत होते. मला त्या माणसाबद्दल, म्हणजे अध्यक्षांबद्दल, पहिल्यांदाच बरं वाटलं.

निघताना दारात बूट घालता घालता ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "हे आत्ता जे झालं ना, ते प्लीज ग्रुपवर टाकू नका."